एबीए सेवा: पाटीवर 'विश्लेषण', आत काय?

हे परीक्षण कुठल्या एका केंद्राचं नाही, 'एबीए थेरपी' या नावाने जी सेवा दिली जाते तिचं आहे. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेव्हिअर ॲनालिसिस, पुस्तकी मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. शास्त्राचा आवाका मोठा आहे, पण लोक त्याच्या दारात येतात ते बहुतेक वेळा स्वमग्न मुलासाठी. सेवेचा साचा साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला मूल्यमापन आणि लेखी योजना, मग आठवड्याला ठरलेले तास मुलासोबत बसणारा थेरपिस्ट, त्याच्यावर देखरेख करणारा विश्लेषक, दर सेशनचा डेटा आणि अधूनमधून पालकांची बैठक.

निकाल आधीच सांगून टाकू. ज्या तत्त्वांवर ही सेवा उभी आहे ती भक्कम आहेत. पण सेवेला सरसकट गुण देता येत नाहीत, कारण एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. एका ठिकाणी मूल असं का वागतं याचा शोध घेतला जातो आणि त्या उत्तरातून शिकवणं ठरतं. दुसऱ्या ठिकाणी तक्ता, टोकन आणि टाळ्या असतात, शोध नसतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: तेच छोटं टेबल, तीच चित्रांची कार्डं, तीच हातातली क्लिपबोर्ड. फरक ओळखायला उपयोगी पडतं ते या शास्त्रामागचं तत्त्वज्ञान. ऐकायला जड वाटेल, पण पैसे भरण्याआधी करता येणारी सगळ्यात स्वस्त चाचणी तीच आहे.

'हा का चावतो?' एवढंच विचारा

पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका. 'हट्टी आहे', 'लक्ष वेधून घ्यायचा स्वभाव आहे', 'ऑटिझम आहे ना, म्हणून'. ही तिन्ही उत्तरं नापास. हट्टी आहे हे कशावरून कळलं? चावतो त्यावरून. मग चावतो का? हट्टी आहे म्हणून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने अशा गोल फिरणाऱ्या स्पष्टीकरणांवर आयुष्यभर टीका केली, कारण त्यांतून करण्याजोगं काहीच निघत नाही. स्वभाव बदलायचा कसा, हे कोणालाच सांगता येत नाही. पास होणारं उत्तर प्रतिप्रश्नांच्या रूपात येतं: कधी चावतो? त्याच्या आधी काय झालेलं असतं? चावल्यावर लगेच कोण काय करतं? कोणत्या वेळी, कोणासोबत तो अजिबात चावत नाही? यातला शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तोच सगळ्यात जास्त माहिती देतो.

या प्रश्नांमागे नियततेचं गृहीतक आहे. वर्तन नियमाने घडतं, त्याची कारणं शरीरात, परिसरात आणि आजवरच्या अनुभवात शोधता येतात. व्यवहारात याचा अर्थ कडक आहे: मूल शिकत नसेल तर चूक योजनेची. अहवालात 'मुलाने सहकार्य केले नाही' हे वाक्य दोन-तीनदा दिसलं तर समजावं की केंद्राने आपलं काम मुलाच्या अंगावर ढकललं आहे.

दुसरा समज मोडायला हवा तो असा की वर्तनवादी लोक मन, भावना, वेदना मानत नाहीत. खेदाची गोष्ट म्हणजे काही थेरपिस्टही हेच बोलतात. १९१३ मध्ये वर्तनवादाची सुरुवात करणाऱ्या जॉन वॉटसनने मानसशास्त्राने फक्त दिसणाऱ्या वर्तनाचा अभ्यास करावा असं मांडलं, तेव्हापासून हा शिक्का बसला. स्किनरने १९४५ मध्ये वेगळी वाट धरली. दातदुखी किंवा मनातल्या मनात केलेलं बोलणं त्वचेच्या आत घडतं, पण तेही वर्तनाच्या शास्त्राचाच विषय आहे, त्याला वेगळे नियम लागत नाहीत, अशी त्याची भूमिका होती. तिला मूलगामी वर्तनवाद म्हणतात आणि एबीएचा पाया तोच आहे.

हा फरक केवळ वर्गात शिकवण्यापुरता नाही. तीन आठवडे शांत असलेलं मूल अचानक कानावर मारून घ्यायला लागलं, तर पाया पक्का असलेला विश्लेषक आधी डॉक्टरकडे पाठवतो. कानाचा संसर्ग, किडलेला दात, बद्धकोष्ठता, घशाशी येणारं आम्ल, अपुरी झोप यांपैकी काहीही मागे असू शकतं. दुखणं असताना एरवी सहज जमणारं कामही टाळावंसं वाटतं. म्हणजे दुखण्यामुळे सुटकेची किंमत वाढते. शास्त्रात अशा घटकांना प्रेरक स्थिती म्हणतात. वैद्यकीय तपासणीचा उल्लेखही न करता थेट वर्तन योजना लिहिणारं केंद्र आमच्याकडून शून्य गुण घेतं.

खरा माल: कार्याचा शोध

सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

वर्तन कसं दिसतं यापेक्षा ते काय मिळवून देतं, म्हणजे त्याचं कार्य काय, हे महत्त्वाचं. डोकं आपटणारी चार मुलं सारखीच दिसतील. एकाला त्यातून मोठ्यांचं लक्ष मिळतं. दुसऱ्याचं अवघड काम टळतं, तिसऱ्याला हवी ती वस्तू हातात पडते, आणि चौथ्याला कोणीही आसपास नसताना त्या संवेदनेतूनच काही मिळत असतं. १९८२ मध्ये ब्रायन इवाता आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या ९ मुलांवर हे प्रयोगाने तपासण्याची पद्धत मांडली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये परिस्थिती आलटून पालटून बदलायची. एका सेशनमध्ये इजा केली की काळजीचं बोलणं मिळतं, दुसऱ्यात इजा केली की समोरचं काम थांबतं, तिसऱ्यात मूल एकटं असतं, चौथ्यात खेळ आणि लक्ष दोन्ही मुबलक असतं, मागणी काहीच नसते. कोणत्या परिस्थितीत वर्तन वर उसळतं ते आलेखावर दिसतं. शेवटची परिस्थिती तुलनेसाठी. तिच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

हा शोध चुकला की काय होतं ते पाहा. मूल गणित टाळण्यासाठी वही फाडतं आणि केंद्राची योजना म्हणते, 'वही फाडली की पाच मिनिटं कोपऱ्यात.' मुलाला नेमकं हेच हवं होतं! प्रत्येक फाडण्याला पाच मिनिटांची सुट्टी मिळते. फाडणं वाढतं, मग केंद्र कोपऱ्याची वेळ दहा मिनिटं करतं. योजनेवर 'शिक्षा' लिहिलेलं आहे, पण परिणामाने ते प्रबलन, म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट, ठरलं. नावावरून नाही, परिणामावरून ओळखायचं, ही या शास्त्रातली पहिली शिस्त.

सगळ्या मुलांवर पूर्ण प्रयोग करायची गरज नसते. इजा गंभीर असेल तर तो वैद्यकीय देखरेखीविना करूही नये. निदान पालकांची नीट मुलाखत आणि प्रत्यक्ष निरीक्षणाच्या नोंदी तरी हव्यात. या नोंदीत तीन रकाने असतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय घडलं. भरलेला एक कागद मागून वाचा. 'रागावला, आक्रमक झाला, शांत केले' ही नोंद रद्दी आहे. 'ताईने टॅब काढून घेतला. दोन सेकंदांत ताईच्या डाव्या हाताला चिमटा. टॅब परत दिला, चिमटे थांबले' ही नोंद कामाची, कारण तिच्यात पुढची दिशा आहे. मात्र असा एखाद-दुसरा कागद पुरावा नव्हे. नोंदी सहसंबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत.

कार्य सापडलं की त्याच कामाचा दुसरा, सोपा मार्ग शिकवायचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलेली ही वाट: काम टाळायला चावणाऱ्याला मदत किंवा विश्रांती मागायला शिकवा, लक्षासाठी ओरडणाऱ्याला लक्ष मागायला. शब्द, कार्ड, हाताची खूण, यंत्रावरचं बटण, काहीही चालतं. अट एकच. नवा मार्ग जुन्यापेक्षा कमी कष्टाचा आणि जास्त लवकर फळ देणारा हवा. गाडी अडते ती इथेच. विश्रांतीचं कार्ड कपाटावर ठेवलेलं असतं. किंवा मुलाने ते दिलं की थेरपिस्ट म्हणतो, 'आधी अजून दोन गणितं कर.' पहिल्या दिवसांत प्रत्येक वेळी, काही सेकंदांत मागणी पुरी झाली पाहिजे. थांबायला शिकवणं नंतर, आधी काही सेकंद, मग अर्धा मिनिट, असं हळूहळू. ही घाई केली की मूल चावण्याकडे परततं आणि अहवाल म्हणतो, 'कार्ड पद्धत या मुलाला लागू पडली नाही.'

बक्षीस म्हणजे प्रबलन नव्हे

थेरपिस्टची तयारी जोखायला एक प्रश्न पुरतो: ऋण प्रबलन म्हणजे काय? 'शिक्षा' असं उत्तर आलं तर त्याच्या प्रशिक्षणाबद्दल वेगळं विचारायला नको. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतंच. धन म्हणजे काही मिळालं, ऋण म्हणजे नकोसं काही टळलं. डोकेदुखीवर गोळी घेणं टिकतं ते ऋण प्रबलनाने.

बक्षीस ही देणाऱ्याची कल्पना असते, प्रबलक काय ते मुलाचं वर्तन ठरवतं. म्हणून आवडीची चाचणी लागते. जोड्यांच्या पद्धतीत प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूसमोर ठेवतात. ८ वस्तू असतील तर २८ जोड्या होतात. वेळ जातो, पण क्रम स्पष्ट मिळतो. दुसऱ्या पद्धतीत सगळ्या वस्तू ओळीने मांडतात, मुलाने उचललेली परत ठेवत नाहीत आणि उरलेल्यांतून पुन्हा निवडायला देतात. ही लवकर होते, रोज सेशनच्या सुरुवातीलाही करता येते. मात्र ही चाचणी फक्त आवड सांगते. ती वस्तू मिळाल्यावर वर्तन खरंच वाढतं का, हे आलेखच दाखवतो. महिन्याभरापूर्वी ठरवलेल्या फुग्यावर आज मूल काम करेल अशी अपेक्षा असेल, किंवा सेशनच्या आधी घरी तासभर तोच खेळ खेळून झाला असेल, तर थेरपिस्ट कितीही हसतमुख असला तरी शिकवणं थंड पडतं.

लाच आणि प्रबलन यांतला गोंधळही जुना. मूल जमिनीवर लोळायला लागल्यावर 'उठ, मोबाइल देते' म्हणणं हे लोळण्यालाच खतपाणी आहे. तोच मोबाइल, पण आधी ठरवून, काम झाल्यावर लगेच दिला, तर बळ मिळतं ते कामाला. इथे वस्तूपेक्षा क्रमच जास्त बोलतो.

विलोपनाबद्दल, म्हणजे वर्तनाला आजवर मिळणारं प्रबलन थांबवण्याबद्दल, मात्र आमचं मत बरंच कडक आहे. 'दुर्लक्ष करा' हा सल्ला फार उदारपणे वाटला जातो. पहिली अडचण अशी की दुर्लक्ष हे विलोपन तेव्हाच ठरतं, जेव्हा वर्तन लक्षावर जगत असतं. काम टाळणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर त्याला मोकळा वेळच मिळतो. दुसरी अडचण, प्रबलन थांबवलं की सुरुवातीला वर्तन अनेकदा उसळतं. ते जास्त जोरात, जास्त वेळा, कधी नव्या रूपात येतं. नेमक्या त्या क्षणी घरातल्या कोणी हार मानली तर मूल शिकतं की दहा मिनिटं रडून भागत नाही, वीस मिनिटं रडावं लागतं. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने पोसलेलं वर्तन सगळ्यात चिवट असतं. म्हणून योजनेत दोन गोष्टी लेखी मागा: उसळी आली तर घरातल्या प्रत्येकाने काय करायचं, आणि विलोपनासोबत शिकवायचं पर्यायी वर्तन कोणतं. ही दोन उत्तरं नसतील तर योजना सुरू करू देऊ नका. स्वतःला इजा करणाऱ्या मुलावर नुसतं दुर्लक्ष, हे तर कोणाच्याही सांगण्यावरून नको.

आलेख सुंदर, पण कशाचा?

केंद्रं डेटाचं कौतुक फार करतात. डेटा गोळा करणं सोपं आहे, योग्य मोजमाप निवडणं अवघड. आधी ध्येय तपासा. ओग्डेन लिंडस्लीची मृत माणसाची कसोटी इथे कामी येते: जे मेलेला माणूसही करू शकतो ते वर्तन नव्हे. 'गप्प बसेल', 'जागेवरून हलणार नाही', 'ओरडणार नाही' ही ध्येयं त्या कसोटीत पडतात. त्यांच्या जागी मूल काय करेल ते लिहिलेलं हवं.

मग मोजण्याची रीत. समजा, १० मिनिटांचं निरीक्षण १०-१० सेकंदांच्या ६० कप्प्यांत वाटलं आणि कप्प्यात वर्तन क्षणभर दिसलं तरी खूण करायची असं ठरवलं. मूल ३० कप्प्यांत प्रत्येकी एकच सेकंद गुणगुणलं. तक्ता सांगेल ५० टक्के. प्रत्यक्षात ६०० सेकंदांपैकी ३० सेकंद, म्हणजे ५ टक्के. ही पद्धत कालावधी फुगवते. उलट, पूर्ण कप्पाभर टिकलं तरच खूण करायची असेल तर कालावधी आकसतो. वर्तन कमी करण्याच्या योजनेत फुगवणारी पद्धत चालते, कारण चूक झाली तरी ती यशाच्या बाजूने होत नाही. एकाग्रता वाढवायच्या योजनेत मात्र तीच पद्धत खोटं यश दाखवते. कोणती पद्धत वापरली आणि का, हे विचारलं की विश्लेषकाच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

दोन निरीक्षकांची जुळणी हा दुसरा सापळा. ८० टक्क्यांच्या वरची जुळणी चांगली मानली जाते. पण क्वचित घडणाऱ्या वर्तनात हा आकडा फसवतो. ६० कप्प्यांपैकी एका निरीक्षकाने २ कप्प्यांत खूण केली, दुसऱ्यानेही २ कप्प्यांत, पण वेगळ्याच. ५६ कप्प्यांत दोघांचं 'काही नाही' यावर एकमत, म्हणजे जुळणी ९३ टक्के. वर्तन कधी घडलं यावर मात्र एकदाही एकमत नाही. अशा वेळी फक्त खुणा असलेल्या कप्प्यांची जुळणी काढायची असते. इथे ती शून्य येते.

'८० टक्के बरोबर' या ओळीपाशीही थांबा. हात धरून करवून घेतलेली उत्तरं बरोबर धरली आहेत का? मदतीसह आणि मदतीविना असे दोन वेगळे आकडे नसतील तर त्या ८० ला अर्थ नाही. आणि महिन्याच्या सरासरीचे रंगीत खांब नकोत. दर सेशनचा एक ठिपका, योजना सुरू होण्याआधीचे निदान तीन ते पाच ठिपके, आणि योजना बदलली तिथे उभी रेघ, एवढा साधा आलेख हवा. आधीचे ठिपके नसतील तर सुधारणा योजनेमुळे झाली की मूल वाढल्यामुळे, हे सांगायला कोणीच उरत नाही. कौशल्यं एकाच दिवशी सुरू न करता टप्प्याटप्प्याने सुरू केली, आणि ज्याची पाळी आली तेच वर चढलं, तर संशयाला जागा कमी राहते. हाच 'विश्लेषण' या शब्दाचा मूळ अर्थ. डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिझली यांनी १९६८ मध्ये, जर्नल ऑफ अप्लाइड बिहेव्हिअर ॲनालिसिसच्या पहिल्याच अंकात, या शास्त्राची सात लक्षणं मांडली. त्यात विश्लेषण म्हणजे बदल तुमच्या हस्तक्षेपानेच झाला याचा पटण्याजोगा पुरावा.

किती तास?

इथे विक्री सगळ्यात जोरात असते. 'आठवड्याला ४० तास' हा आकडा इव्हार लोव्हासच्या १९८७ च्या अभ्यासातून आला. दोन वर्षांहून अधिक काळ सघन उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ जणांचा बुद्ध्यांक सामान्य पातळीवर आला आणि ती नेहमीच्या पहिलीत यशस्वी झाली. तो ४७ टक्क्यांचा आकडा माहितीपत्रकांत फार फिरला. त्यासोबत जे फिरलं नाही ते असं: मुलांची गटवाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि उपचारात मोठ्याने 'नाही' म्हणणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. २०१८ चा कोक्रेन आढावा (झालेले अभ्यास एकत्र तपासणारा) लहान वयातल्या सघन कार्यक्रमांबद्दल ५ अभ्यास आणि २१९ मुलांवर बेतलेला आहे. त्यातला एकच अभ्यास यादृच्छिक वाटणीचा. फायद्याचे संकेत आहेत, पुराव्याचा दर्जा कमकुवत, असा त्याचा सूर. तेव्हा 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याकडून उठून यावं हे उत्तम.

तास हे तत्त्व नाही. तासाभरात मुलाला स्वतः काही करण्याच्या संधी किती मिळाल्या ते बसून मोजा. १२ संधींचा तास आणि ९० संधींचा तास बिलावर सारखाच दिसतो. टेबलावरच्या डीटीटीत (डिस्क्रीट ट्रायल ट्रेनिंग, म्हणजे छोट्या, सुट्या फेऱ्यांतून शिकवणं) सूचना, गरज पडली तर प्रॉम्प्ट (बरोबर उत्तराकडे नेणारी मदत), मुलाचं उत्तर, लगेच परिणाम, छोटा विराम, असा एक फेरा काही सेकंदांत संपायला हवा. बिघाड बारीक असतात: बरोबर कार्ड नेहमी उजवीकडे, विचारणाऱ्याची नजर आधीच उत्तरावर, प्रॉम्प्ट देण्यात घाई. मग मूल रंग शिकत नाही, थेरपिस्टचे डोळे वाचायला शिकतं. प्रॉम्प्ट कमी कसा करत नेणार हे योजनेत लिहिलेलं नसेल तर तो कमी होत नाहीच.

देखरेखही तपासा. अमेरिकी प्रमाणन मंडळाच्या चौकटीत तंत्रज्ञाला, म्हणजे मुलासोबत बसणाऱ्या थेरपिस्टला, किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के वेळ देखरेख. १०० तासांच्या कामाला ५ तास. किमान म्हणजे पुरेशी नव्हे. नवी योजना सुरू असताना विश्लेषक मुलाला प्रत्यक्ष न पाहता केवळ तक्त्यांवर सही करत असेल तर तुम्ही त्याच्या नावाचेच पैसे देत आहात.

मुलाला विचारलं का?

स्वमग्न प्रौढांची या सेवेवरची टीका गंभीर आहे आणि ती झटकून टाकणारी केंद्रं आम्हाला पटत नाहीत. जबरदस्तीची नजरानजर, हात झटकण्यावर बंदी, दिवसभर 'नॉर्मल' दिसण्याची कसरत, या तक्रारी कल्पनेतून आलेल्या नाहीत. अशी ध्येयं खरोखर लिहिली गेली, आजही लिहिली जातात. गंमत अशी की शास्त्राच्या स्वतःच्या मोजपट्टीवरही ती टिकत नाहीत. 'उपयोजित' या शब्दाचा अर्थच असा की निवडलेलं वर्तन त्या व्यक्तीच्या जगण्यासाठी महत्त्वाचं असावं. बघणाऱ्यांची अस्वस्थता कमी होणं हा निकष नाही. वुल्फने १९७८ मध्ये सामाजिक वैधतेचे तीन प्रश्न पुढे केले: ध्येयं महत्त्वाची आहेत का, पद्धती स्वीकारार्ह आहेत का, परिणामांवर संबंधित लोक समाधानी आहेत का. हे प्रश्न मुलाला आणि घराला विचारायचे असतात, केंद्राने आपले आपण सोडवायचे नसतात.

हात झटकण्याने कोणाला इजा होत नसेल, शिकणं अडत नसेल, तर ते योजनेत का? उत्तर 'लोक बघतात' असेल तर ध्येय खोडा. न बोलणाऱ्या मुलाची संमतीही वाचता येते: सेशनच्या खोलीत स्वतःहून येतं का, खुर्ची मागे सरकवतं का, दारात रडतं का. चांगलं केंद्र याचीही नोंद ठेवतं आणि मूल मागे सरलं की शिकवणं थांबवून कारण शोधतं. वेदना देणारे उपाय तर चर्चेतही नकोत. वर्तनावर विजेचे झटके देण्याला या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२२ मध्ये स्पष्ट विरोध नोंदवला. एवढा उशीर का, हा प्रश्न रास्त आहे.

खोलीबाहेर टिकतं का

ट्रेव्हर स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्ये सामान्यीकरणाच्या, म्हणजे शिकलेलं दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांसोबतही वापरता येण्याच्या, रीतींची यादी केली, तेव्हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रीतीला त्यांनी 'शिकवा आणि आशा धरा' असं नाव दिलं. ती रीत अजून जोमात आहे. मूल केंद्रातल्या लाल ठोकळ्याला 'लाल' म्हणतं, घरच्या लाल बादलीला नाही. पहिल्या दिवसापासून तीन-चार वेगळ्या वस्तू, दोन माणसं, दोन जागा आणि बदलती वाक्यरचना वापरली तर हे टळतं. तपासणी सोपी आहे: केंद्र म्हणतं 'झालं', त्या आठवड्यात घरी, न शिकवलेल्या वस्तूवर, कोणतंही बक्षीस न दाखवता विचारून पाहा. थेरपिस्ट सुट्टीवर गेला की कौशल्यही सुट्टीवर जात असेल तर ते मुलाचं झालेलंच नाही. पालकांना काचेआडून बघायलाही न देणारी केंद्रं इथे हमखास मार खातात, कारण मूल उरलेला सगळा वेळ ज्यांच्यासोबत असतं त्यांना काहीच शिकवलेलं नसतं.

सेवा थांबवण्याचे निकषही सुरुवातीलाच लेखी घ्या: कोणतं कौशल्य कुठवर आलं की तास कमी होतील, आणि किती सेशन प्रगती दिसली नाही की योजना बदलेल. शंका घेणं ही या तत्त्वज्ञानाची सवय आहे, तेव्हा 'तुमची योजना चुकली आहे हे तुम्हाला कशावरून कळेल?' या प्रश्नाने विश्लेषकाला राग येऊ नये. केंद्र सोडताना कच्चे डेटा कागद, आलेख आणि लेखी योजना यांच्या प्रती मागून घ्या. योजना इतकी नेमकी असायला हवी की न भेटलेला प्रशिक्षित माणूस ती वाचून दुसऱ्या दिवशी तशीच चालवू शकेल. 'योग्य वेळी प्रॉम्प्ट द्यावा' असं लिहिलेलं असेल तर योग्य वेळ म्हणजे किती सेकंदांनी, हे फाइल बंद होण्याआधीच लिहून घ्या.